महाराष्ट्रातील पिस्तूल परवाना व शस्त्रवहन

महाराष्ट्रातील पिस्तूल परवाना व शस्त्रवहन या विषयात नागरिकाने हाताळावयाची लहान बंदुकी शस्त्रे, म्हणजे पिस्तूल व रिव्हॉल्व्हर, कोणत्या अटींवर बाळगावीत, ती सार्वजनिक ठिकाणी कशी न्यावीत आणि नेमबाजी केंद्रावर कशी वापरावीत यासंबंधीचे कायदे, नियम व प्रत्यक्ष व्यवहार यांचा समावेश होतो. भारतात हा विषय मुख्यतः शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित केला आहे. महाराष्ट्रात त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील शस्त्रबंदीच्या तरतुदींची जोड मिळते. परवाना असला तरी पिस्तूल लोकांना दिसेल अशा रीतीने कमरेला लावून फिरण्याची मुभा भारतीय कायदा देत नाही. शस्त्र पूर्णपणे झाकलेले असावे, असा नियम आहे. मराठवाड्यात, विशेषतः छत्रपती संभाजीनगर महसूल विभागातील बीड जिल्ह्यात, डिसेंबर २०२४ नंतर हा विषय सार्वजनिक चर्चेच्या केंद्रस्थानी आला.

संज्ञा

मराठीत 'पिस्तूल' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानले जाते. 'काडतूस' या शब्दाचे मूळही तेथेच दाखवले जाते. 'तमंचा' हा जुना शब्द फारसी-तुर्की वळणाचा आहे. बोलीत पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जात असले तरी त्यांची रचना भिन्न आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या नळकांड्यात असतात व प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर पुढचे काडतूस नळीसमोर येते. पिस्तुलात काडतुसे मुठीतील पेटीत रचलेली असतात आणि गोळी सुटल्यावर निर्माण होणाऱ्या जोराने पुढचे काडतूस आपोआप नळीत सरकते. या फरकामुळे सुरक्षिततेचा एक महत्त्वाचा मुद्दा उद्भवतो: पिस्तुलातील पेटी काढून घेतली तरी नळीत एक काडतूस शिल्लक राहू शकते.

'गावठी कट्टा' म्हणजे परवानाप्राप्त कारखान्याबाहेर, हाताने घडवलेले बेकायदा पिस्तूल. वृत्तपत्रांत व पोलिसांच्या पंचनाम्यांत हा शब्द रूढ झाला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिशांचा शस्त्रविषयक कायदा

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेने भारतीयांकडील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण स्वीकारले. १८६० च्या कायद्यानंतर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत १८७८ चा भारतीय शस्त्र कायदा संमत झाला. या कायद्यान्वये भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा झाला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. कर्नाटकातील कोडगू समाजालाही तेव्हा सूट मिळाली आणि ती काही अटींसह आजही टिकून आहे. वर्णावर आधारलेल्या या भेदामुळे हा कायदा राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक मानला गेला आणि राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव मांडले गेले.

क्रांतिकारक आणि पिस्तुले

महाराष्ट्राच्या क्रांतिकारक चळवळीत पिस्तुलाला विशेष स्थान आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. त्या वेळी लेफ्टनंट आयर्स्ट हाही मारला गेला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याचा वध केला. कान्हेरे हे शिक्षणासाठी औरंगाबाद येथे राहिलेले होते, त्यामुळे या प्रकरणाचा संबंध आजच्या छत्रपती संभाजीनगराशीही पोहोचतो. त्यांनी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल हे लंडनहून विनायक दामोदर सावरकर यांनी चोरून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक असल्याचे खटल्यात मांडण्यात आले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

हैदराबाद संस्थान व मराठवाडा

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. तेथील कारभार निजामाच्या कायद्यांनुसार चाले. संस्थानाच्या अखेरच्या काळात रझाकारांच्या सशस्त्र टोळ्या आणि त्यांना तोंड देण्यासाठी सरहद्दीवर उभी राहिलेली मुक्तिसंग्रामाची शिबिरे यांमुळे ग्रामीण भागात शस्त्रांचा प्रश्न तीव्र झाला होता. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर हा प्रदेश क्रमाने भारतीय कायद्याच्या कक्षेत आला आणि १९५९ चा अधिनियम देशाच्या अन्य भागांप्रमाणे येथेही लागू झाला.

कायदेशीर चौकट

शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. 'विनाशस्त्र' या एका शब्दात संविधानकर्त्यांची भूमिका स्पष्ट होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना, अमेरिकेप्रमाणे भारतात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, असे नमूद केले. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र कायद्याने मान्य केलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हे दोन विषय वेगळे आहेत: स्वतःचा बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परंतु त्यासाठी पिस्तूल बाळगण्याची परवानगी शासनाकडून मिळवावी लागते.

शस्त्र अधिनियम, १९५९

हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. त्यातील प्रमुख तरतुदी अशा:

• कलम ३ अन्वये परवान्याशिवाय कोणतेही बंदुकी शस्त्र वा दारूगोळा संपादन करता, बाळगता किंवा नेता येत नाही. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे ठेवता येत. १४ डिसेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आणली. वारशाने आलेली शस्त्रेही या मर्यादेतच मोजली जातात.
• कलम ९ अन्वये २१ वर्षांखालील व्यक्तींना, तसेच हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना ठरावीक काळापर्यंत शस्त्र बाळगण्यास मनाई आहे.
• कलम १३ अन्वये अर्जाची चौकशी करून परवाना दिला जातो. पिकांच्या रक्षणासाठीची ठासणीची बंदूक किंवा नेमबाजी मंडळाच्या सदस्याची .२२ बोअरची रायफल यांपेक्षा पिस्तुलाच्या अर्जाची कसोटी कडक असते. तेथे 'योग्य कारण' असल्याची खात्री अधिकाऱ्याला पटावी लागते.
• कलम १५ अन्वये परवान्याची मुदत आता पाच वर्षे आहे. २०१९ पूर्वी ती तीन वर्षे होती.
• कलम १७ अन्वये सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो.
• कलम १८ अन्वये परवाना नाकारणे वा रद्द करणे याविरुद्ध अपील करता येते.

निषिद्ध व अनिषिद्ध बोअर

लष्कर व पोलीस दलांत वापरली जाणारी शस्त्रे, उदाहरणार्थ ९ मिमी पिस्तूल, सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाहीत. त्यांना 'निषिद्ध बोअर' म्हणतात. नागरिकांकडील परवानाप्राप्त लहान शस्त्रे बहुधा .३२ बोअरची असतात. शासकीय आयुधनिर्माणींत .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर व पिस्तुले तयार होतात. महिलांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर कानपूरच्या आयुधनिर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आणले.

निषिद्ध शस्त्रांबाबतचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले प्रकरण अभिनेता संजय दत्त यांचे होय. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात त्यांना शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा निश्चित केली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी येरवडा कारागृहातून त्यांची सुटका झाली.

परवाना मिळवण्याची पद्धत

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, हे परवाना प्राधिकारी असतात. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर शहरातील रहिवाशाचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, तर पैठण, कन्नड किंवा सिल्लोड तालुक्यातील रहिवाशाचा जिल्हाधिकाऱ्यांकडे.

२०१६ च्या नियमांनुसार अर्जदाराने ओळख व निवासाचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे कुलूपबंद ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. अर्जदाराची पूर्ववर्तणूक, त्याच्यावरील गुन्हे, त्याला असलेला धोका आणि घरातील व शेजारपाजारची परिस्थिती यांचा अहवाल प्राधिकाऱ्याकडे जातो. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीवित वा मालमत्तेला खरा धोका असणारी व्यक्ती, संरक्षण दलांत सेवा केलेली व्यक्ती आणि नेमबाजीचा नियमित सराव करणारा खेळाडू यांचे अर्ज विचारात घेतले जातात.

परवाना मंजूर झाल्यावर प्रथम परवाना आणि मग शस्त्र, असा क्रम असतो. शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडूनच खरेदी करावे लागते व त्याचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्यावा लागतो. काडतुसांची संख्या आणि परवाना कोणत्या प्रदेशापुरता वैध आहे, या गोष्टीही परवान्यावर लिहिलेल्या असतात. देशातील परवान्यांची संगणकीय नोंद एका राष्ट्रीय विदागारात ठेवली जाते व प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक दिला जातो.

परवाना व्यक्तिगत असतो. तो पती, मुलगा, भागीदार किंवा वाहनचालक यांना आपोआप लागू होत नाही. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास वारसांनी शस्त्र घरात ठेवून न देता पोलीस ठाण्यात किंवा परवानाप्राप्त विक्रेत्याकडे जमा करावे आणि आवश्यक वाटल्यास स्वतःच्या नावाने अर्ज करावा, अशी पद्धत आहे. वडिलांच्या निधनानंतर कपाटात राहिलेले शस्त्र हे अनेक कुटुंबांत नकळत गुन्ह्याचे कारण ठरू शकते.

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेणे

शस्त्र झाकलेले असावे

२०१६ च्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेण्यासंबंधी स्पष्ट तरतूद आहे. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर नेताना ते अंगावर बांधलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम पिशवीत असावे. ते पूर्णपणे झाकलेले असावे. आणि ते नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजणे, म्हणजे ते बाहेर काढून दाखवणे वा उगारणे, यास मनाई आहे. वस्तीच्या भागात स्वसंरक्षणासारख्या प्रसंगाखेरीज गोळी झाडणेही निषिद्ध आहे. या अटींचा भंग झाल्यास परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो.

यावरून असे दिसते की, सदऱ्यावर पट्टा बांधून पिस्तूल दिसेल असे ठेवणे, हॉटेलात मेजावर शस्त्र काढून ठेवणे किंवा समाजमाध्यमांवर पिस्तुलासह छायाचित्र टाकणे ही परवान्याने मिळालेली सवलत नव्हे. परवान्याचा हेतू बचाव हा आहे, प्रदर्शन हा नाही. मिरवणूक, जत्रा, सभा व शैक्षणिक संस्था अशा ठिकाणी शस्त्र नेण्यावरही परवान्याच्या अटींनी निर्बंध घातलेले असतात.

परवाना जवळ बाळगणे

कलम १९ अन्वये पोलीस अधिकारी शस्त्र नेणाऱ्या व्यक्तीकडे परवाना दाखवण्याची मागणी करू शकतो. परवाना दाखवता न आल्यास शस्त्र ताब्यात घेतले जाऊ शकते. शस्त्र हरवल्यास वा चोरीस गेल्यास त्याची खबर जवळच्या पोलीस ठाण्यात तत्काळ देणे बंधनकारक आहे.

विमानप्रवासात शस्त्र प्रवाशाजवळ ठेवता येत नाही. ते रिकामे करून, आगाऊ सूचना देऊन व कागदपत्रे दाखवून सामानात द्यावे लागते. चुकून पिशवीच्या कप्प्यात राहिलेले एखादे काडतूस तपासणीत सापडल्यास चौकशीला तोंड द्यावे लागते. अशा प्रकरणांत न्यायालये 'जाणीवपूर्वक ताबा' हा निकष लावतात. ताबा म्हणजे केवळ वस्तू जवळ असणे नव्हे, तर ती जवळ असल्याची जाणीव व तिच्यावरील नियंत्रण होय, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात मांडले.

शस्त्रबंदीचे आदेश

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) अन्वये सार्वजनिक शांतता राखण्यासाठी शस्त्रे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या इत्यादी वस्तू बाळगण्यास ठरावीक काळापुरती मनाई करता येते. कलम ३७(३) अन्वये जमावावर निर्बंध घालता येतात. सण, उत्सव, मोर्चे वा आंदोलने यांच्या काळात निघणाऱ्या या आदेशांना व्यवहारात 'जमावबंदी व शस्त्रबंदी' म्हणतात. छत्रपती संभाजीनगर शहर व जिल्ह्यातही असे आदेश वर्षातून अनेकदा लागू होतात. त्यांचा भंग कलम १३५ नुसार शिक्षेस पात्र आहे.

शीख धर्मीयांच्या कृपाणाला संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात संरक्षण दिलेले आहे. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमुळे मराठवाड्यात या तरतुदीला विशेष संदर्भ आहे. ही मुभा बंदुकी शस्त्रांना लागू नाही. खंडेनवमी व दसऱ्याला होणारे शस्त्रपूजन ही जुनी परंपरा आहे; परंतु पूजेच्या निमित्तानेही विनापरवाना शस्त्र बाळगता येत नाही किंवा परवान्याचे शस्त्र हवेत झाडता येत नाही.

निवडणूक काळ

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्यावर परवानाप्राप्त शस्त्रे जमा करून घेतली जातात. पूर्वी सरसकट सर्वांनाच शस्त्रे जमा करण्यास सांगितले जाई. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. ही समिती जामिनावर सुटलेल्या, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्या वा पूर्वी दंगलीत सहभागी असलेल्या परवानाधारकांची प्रकरणे तपासते व कोणाची शस्त्रे जमा करावीत हे ठरवते. निकालानंतर शस्त्रे परत दिली जातात.

शिक्षा

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा अधिक कडक झाल्या. प्रमुख गुन्हे व शिक्षा पुढीलप्रमाणे:

• विनापरवाना बंदुकी शस्त्र बाळगणे: किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड.
• निषिद्ध शस्त्र बाळगणे: किमान सात व कमाल चौदा वर्षे कारावास आणि दंड.
• पोलीस वा सशस्त्र दलाकडून बळाने शस्त्र हिसकावणे: किमान दहा वर्षे ते जन्मठेप.
• निष्काळजीपणाने किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचे जीवित धोक्यात घालणे: दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.
• परवान्याच्या अटींचा भंग: कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाला किंवा निवडणुकीतील विजयानंतर हवेत गोळ्या झाडणे हा २०१९ पूर्वी स्वतंत्र गुन्हा नव्हता. हवेत झाडलेली गोळी खाली येतेच व तीही प्राणघातक ठरू शकते, हे लक्षात घेऊन ही तरतूद करण्यात आली.

नेमबाजी केंद्रांवरील शस्त्रवापर

महाराष्ट्राची परंपरा

नेमबाजीच्या खेळात महाराष्ट्राची कामगिरी उल्लेखनीय आहे. अंजली भागवत व सुमा शिरूर यांनी रायफल प्रकारात आंतरराष्ट्रीय स्तरावर नाव मिळवले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद पटकावले. पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. पुण्यात बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडा संकुलातील आणि मुंबईत वरळी येथील केंद्रे राज्यात प्रसिद्ध आहेत.

एअर पिस्तूल व परवाना

नवोदित खेळाडू सामान्यतः १० मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात करतो. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिमी व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. बोअर .१७७ इंचांपेक्षा अधिक नसलेल्या आणि ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नसलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. त्यामुळे शाळकरी मुलांना हा खेळ परवान्याविना शिकता येतो. लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ ११.५ मिमी व्यासाचे असते.

२५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ बोअरची काडतुसे वापरली जातात व त्यासाठी परवाना आवश्यक असतो. महिलांच्या स्पर्धेत ३० गोळ्या अचूकतेच्या व ३० वेगवान फेरीच्या, अशा ६० गोळ्या असतात. १२ वर्षांवरील मुलांना विहित अटींवर प्रशिक्षणासाठी शस्त्र वापरता येते. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्तरावरील खेळाडूंना दोन शस्त्रांच्या सर्वसाधारण मर्यादेतून सूट दिली जाते.

केंद्रावरील शिस्त

नेमबाजी केंद्रावरही शस्त्र कमरेला लावून वावरण्याची पद्धत नाही. शस्त्र बंद पेटीतून आणले जाते आणि गोळीबाराच्या रेषेवरच बाहेर काढले जाते. सर्वत्र पाळले जाणारे नियम असे:

• प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असेच समजावे.
• नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने असावे.
• नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये.
• नियंत्रकाच्या आज्ञेशिवाय शस्त्र भरू वा झाडू नये. थांबण्याची आज्ञा होताच थांबावे.
• सराव नसताना नळीत रंगीत सुरक्षादोरी घातलेली असावी, म्हणजे ती रिकामी आहे हे दुरूनही कळते.
• कोणी लक्ष्याकडे गेले असता शस्त्राला हात लावू नये.
• बंदुकीच्या केंद्रावर कान व डोळे यांचे संरक्षण करावे.

वाद व सार्वजनिक चर्चा

बीड जिल्ह्यातील परवाने

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील गुन्हेगारी व शस्त्रपरवाने यांवर राज्यभर चर्चा झाली. जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याची आकडेवारी पुढे आली. शेजारच्या जिल्ह्यांच्या तुलनेत ही संख्या फार मोठी असल्याचे सामाजिक कार्यकर्त्यांनी निदर्शनास आणले. पिस्तूल कमरेला लावलेली छायाचित्रे व हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर प्रसारित झाल्या आणि त्यावरून गुन्हे दाखल झाले. जिल्हा प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी करून गुन्हे दाखल असलेल्या अनेक व्यक्तींचे परवाने रद्द केले.

या चर्चेत दोन बाजू मांडल्या गेल्या. एका मतानुसार, जेथे राजकीय वजनावर परवाने मिळतात तेथे पिस्तूल संरक्षणाचे साधन न राहता दहशतीचे व प्रतिष्ठेचे चिन्ह बनते, आणि तक्रार करू पाहणारा सामान्य माणूस मागे सरतो. दुसऱ्या मतानुसार, व्यापारी, ठेकेदार, दूरच्या वस्तीवर राहणारे शेतकरी यांना खरा धोका असू शकतो आणि परवानाधारकांच्या शस्त्रांची किमान नोंद तरी शासनाकडे असते. खरा धोका विनापरवाना शस्त्रांचा आहे.

परवानाप्राप्त शस्त्रांचा गैरवापर

८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान गोळ्या झाडून हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेले होते, असे तपासात पुढे आले. परवाना एकाचा व वापर दुसऱ्याचा, हा कायद्यातील सर्वांत धोकादायक दुवा या घटनेने उघड झाला. जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातील जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल दाखवल्याची चित्रफीत प्रसारित झाली आणि संबंधित महिलेला अटक झाली. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांना मुंबईतील राहत्या घरी स्वतःच्या परवानाप्राप्त रिव्हॉल्व्हरमधून चुकून सुटलेल्या गोळीने पायाला दुखापत झाली. या शेवटच्या घटनेत कोणताही दुष्ट हेतू नव्हता. शस्त्र भरलेले ठेवण्यातील जोखीम मात्र तिने दाखवून दिली.

बेकायदा शस्त्रे

महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्यांचा माग अनेकदा मध्य प्रदेशच्या सीमाभागापर्यंत, विशेषतः बडवानी, खरगोन व बुऱ्हाणपूर या जिल्ह्यांपर्यंत जातो. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका या सीमेला लागून आहे. अशा पिस्तुलांवर क्रमांक नसतो, धातूची प्रत तपासलेली नसते आणि ती चालवणाऱ्याच्याच हातात फुटण्याचा धोका असतो.

अन्य देशांशी तुलना

अमेरिकेच्या संविधानातील दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे. तेथील अनेक राज्यांत पिस्तूल उघडपणे कमरेला लावून फिरता येते. टेक्सास राज्यात २०२१ पासून पात्र प्रौढांना त्यासाठी परवान्याचीही गरज नाही. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल नेण्याचा हक्कही संविधानाने संरक्षित असल्याचा निर्णय दिला. याउलट ब्रिटनमध्ये १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेन येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये बहुतेक सर्व पिस्तुलांच्या खासगी मालकीवर बंदी आली. भारताची व्यवस्था या दोन टोकांच्या मध्ये आहे: पिस्तूल मिळू शकते, पण कारण दाखवून, नेता येते, पण झाकून.

हे सुद्धा पहा

• शस्त्र अधिनियम, १९५९
• महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१
• नेमबाजी
• अनंत कान्हेरे
• मराठवाडा मुक्तिसंग्राम